लाल पट्ट्याची सुनावणी

संचार नियामक आयोगाच्या अध्यक्षबाईंना आपलं पद गेल्याची बातमी जिन्यात मिळाली. त्या सुनावणीच्या दालनाकडे निघाल्या होत्या आणि मंत्रालयातले सहसचिव धापा टाकत त्यांच्या मागून आले.

"बाई, थांबा जरा. तुम्ही जिना काय चढता हो! माझ्यासारख्याला लाज आणता."

"लिफ्ट चालू आहे."

"लिफ्टमध्ये बोलता येत नाही." सहसचिवांनी कठड्याला धरून श्वास सावरला आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "नव्या अध्यक्षांच्या नेमणुकीचा आदेश निघालाय. आजची सुनावणी संपली की ते पदभार घेतील. तुम्हाला मंत्रालयात सल्लागार केलंय. मोठं पद आहे हं. गाडी तीच, आणि काम काही नाही."

"काम नाही, मग मोठं कसं?"

"म्हणून तर मोठं!" सहसचिव स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले. "दुपारी जेवायला उठाल ना, तेव्हा खाली उपाहारगृहात छोटासा निरोप ठेवलाय. केक सांगितलाय. नवे साहेबही येतायत. हसतखेळत होऊन जाऊ दे सगळं."

बाई आणखी एक पायरी चढल्या आणि थांबल्या. "मी जेवायला उठेन, हे कुणी ठरवलं?"

"रोज उठता की."

ते खरं होतं. आयोगाचे पहिले अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या काळात सदस्य भर सुनावणीतून उठून जायचे, बाहेर कुणाचा तरी फोन घ्यायचे आणि परत येताना नवं मत घेऊन यायचे. म्हातारा एक दिवस वैतागला आणि त्याने नियमच करून टाकला. दालनात फोन आणायचा नाही. उठून गेलेल्या सदस्याला त्या दिवशी परत बसता येणार नाही. बाहेरून पीठाकडे काही निरोप आला तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचा. आणि अध्यक्षाने आसन सोडलं की त्या दिवसाची सुनावणी संपली. राहिलेलं काम पुढच्या तारखेला, त्या दिवशी जो अध्यक्ष असेल त्याच्यापुढे. तेव्हापासून आयोगाच्या सुनावण्या सकाळी सुरू व्हायच्या आणि जेवणाच्या वेळी संपायच्या. तो कार्यालयाच्या अंगवळणी पडलेला परिपाठ होता.

चालू सुनावणीत अध्यक्ष बदलायला कायद्याची मनाई होती, म्हणूनच आदेशात सुनावणी संपेपर्यंत कळ काढलेली होती. त्यात मंत्रालयाचं मोठं मन वगैरे काही नव्हतं.

आजचं प्रकरण लाल पट्ट्याचं होतं. वायरलेसच्या लहरींचा जो तक्ता आयोगाच्या भिंतीवर टांगलेला असे, त्यात रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल यांच्यासाठी राखलेला पट्टा लाल रंगात दाखवलेला होता, म्हणून सगळे त्याला लाल पट्टा म्हणत. एका मोठ्या मोबाइल कंपनीला त्याच पट्ट्यावर आपले टॉवर चालवायचे होते. कंपनी म्हणत होती, आम्ही वापरू आणि तेही वापरतील, कुणाला त्रास नाही. मंत्रालयाचं मन केव्हाच वळलं होतं. फक्त आयोगाची परवानगी बाकी होती, आणि या बाईंकडून ती मिळेल असं कुणाला वाटत नव्हतं. त्या मूळच्या वायरलेस अभियंत्या. निम्मी नोकरी त्यांनी लहरींच्या मोजमापाच्या गाडीतून गावोगाव फिरण्यात आणि टॉवर चढण्यात घालवली होती.

आज निर्णय दिला तर तो बंधनकारक होता. निर्णय न देता उठल्या, तर उद्या लाल पट्टा नव्या अध्यक्षांच्या हातात आणि परवा कंपनीच्या.

"केक कापून घ्या तुम्ही," बाई सहसचिवांना म्हणाल्या. "माझ्यासाठी खोळंबू नका."

वरच्या मजल्यावर पोचल्यावर त्या आधी स्वच्छतागृहात जाऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी घेतलेल्या निर्णयांत हा सर्वांत दूरदृष्टीचा ठरला. दालनाच्या दाराशी मामा चहाचा कप घेऊन उभे होते. हे आयोगाचे जुने शिपाई. सगळे त्यांना मामाच म्हणत.

"चहा नको, मामा. पाणीही ठेवू नका."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही. सहसचिवांनी."

मामांना काही कळलं नाही, पण त्यांनी टेबलावरचा तांब्या उचलून नेला.

दालन म्हणजे पूर्वीचं टेलिफोन एक्स्चेंज. यंत्रं काढून नेल्यावर जमिनीत राहिलेली भोकं कुणी नीट बुजवली नव्हती आणि खुर्च्यांचे पाय त्यात अडकायचे. उंच चौथऱ्यावर तीन आसनं होती. मधलं बाईंचं, डावीकडे अर्थ सदस्य, उजवीकडे कायदा सदस्य. निर्णयाला अध्यक्ष आणि निदान एक सदस्य लागायचा. समोर एका बाजूला कंपनीचे वकील, त्यांचे दोन सहायक आणि कंपनीचे मुख्य अभियंता. दुसऱ्या बाजूला अग्निशमन दलाचे प्रमुख आणि रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाची प्रमुख. मागच्या रांगा लोकांसाठी खुल्या होत्या. रोज तिथे दोन पत्रकार आणि उन्हाला कंटाळलेले चार जण असायचे. आज रांगा भरलेल्या होत्या.

"सुनावणी उघडली," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

अग्निशमन प्रमुख मोजकं बोलले. धुरात शिरलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही, त्याला फक्त वायरलेस सेटवरचा आवाज असतो, एवढं त्यांनी सांगितलं. नियंत्रण कक्षाच्या प्रमुखबाईंनी त्यांच्याकडे येणारे आणि जाणारे निरोप कसे असतात ते सांगितलं आणि त्याही बसल्या. मग वकीलसाहेब उठले. जिन्यातली बातमी त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. त्यांनी कोटाची बटणं लावली, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि वायरलेसच्या शोधापासून सुरुवात केली.

बाईंनी थोडा वेळ ऐकलं. "वकीलसाहेब, शोध लागला, हे आयोगाला मान्य आहे."

"ही पार्श्वभूमी आहे, अध्यक्ष महोदया."

"किती मागे जायचंय?"

"न्यायाला लागेल तितकं."

त्यांना अडवता येत नव्हतं. एका पक्षाला पुरतं बोलू दिलं नाही, एवढं कोर्टात दिसलं की निर्णय रद्द. वकीलसाहेबांना ते माहीत होतं आणि आपल्याला ते माहीत आहे हे बाईंना ठाऊक असल्याचंही माहीत होतं. त्यांनी परदेशातले दाखले काढले, त्यातले काही दोनदा काढले. मधून मधून ते थांबायचे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचे, उंचावरून, धार ऐकू येईल असं, आणि बाईंकडे बघत घोट घोट प्यायचे. तांब्या संपला की सहायक नवा आणायचा.

"पाणी हवंय का, महोदया?"

"तुमचं चालू द्या."

जेवणाची वेळ झाली. दालनात चुळबुळ सुरू झाली, पायांचे आवाज आले, दाराच्या काचेत सहसचिवांचा चेहरा दिसला. वकीलसाहेब एका वाक्याच्या मधोमध थांबून अदबीने उभे राहिले.

"ज्यांना जेवायचंय त्यांनी जाऊन यावं," बाई म्हणाल्या. "मी इथेच आहे. वकीलसाहेब, तुमचं वाक्य अर्धं राहिलंय."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अर्थ सदस्य बाईंकडे झुकले. त्यांची बदली मंत्रालयातूनच झाली होती आणि जीव अजून तिकडेच होता.

"बाई, मला मधुमेह आहे. वेळेवर खावं लागतं."

"मग जा ना. परत बसता येणार नाही, लक्षात आहे?"

"आहे, आहे," ते म्हणाले आणि तुरुंगाचं दार उघडल्यासारखे गेले. खाली ते केकचा दुसरा तुकडा खात होते, असं मामांनी नंतर सांगितलं.

आता पीठावर दोघेच उरले. कायदा सदस्य बाईंहून बरेच तरुण होते आणि पुढेमागे त्यांना न्यायाधीश व्हायचं होतं. असल्या माणसाला मंत्रालयाशी वैर परवडत नाही. ते गेले की खेळ खलास. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हाला भूक नाही?"

"तुम्ही करताय ते मला पटलेलं नाही," ते हळू पण स्पष्ट बोलले. "ही सुनावणी आहे. कुस्ती नाही."

"मग उठा."

"उठू की नको हे तुम्ही सांगू नका. ते बाहेरचेही सांगतायत. मला हे पुरतं ऐकायचंय आणि मी ते ऐकणार." त्यांनी वही पुढे ओढली आणि वकिलांना म्हणाले, "तिसरा दाखला पुन्हा सांगा. तुम्ही तो दोनदा वेगवेगळा सांगितलात."

वकीलसाहेबांचा चेहरा जरासा पडला. ही मदत होती की अडचण, हे बाईंनाही कळलं नाही.

धोक्याची घंटा वाजली तेव्हा वकीलसाहेब ग्राहकांच्या हितावर बोलत होते. घंटा कानठळ्या बसवणारी होती. दार उघडून सहसचिव ओरडले, "इमारत रिकामी करा! सगळ्यांनी खाली चला! बाई, चला, आता हट्ट नको!"

मागच्या रांगा उठल्या. बाईंचे दोन्ही हात आपोआप खुर्चीच्या हातांवर गेले. खरंच आग असती तर त्या उठल्या असत्या. एका निर्णयापायी माणसं होरपळू देण्याइतक्या त्या हट्टी नव्हत्या. पण त्या उठण्याआधी त्यांची नजर अग्निशमन प्रमुखांवर गेली. ते शांतपणे नाक वर करून वास घेत होते.

"प्रमुखसाहेब, हे तुमच्या अखत्यारीतलं."

प्रमुखांनी दाराला तळहात लावला, व्हरांड्यात गेले, जिन्याने खाली उतरले. घंटा थांबली आणि ते परत आले.

"आग नाही. धूरही नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी काच फोडून बटण दाबलंय. केकवरच्या मेणबत्त्या भडकल्या असतील म्हणून उपाहारगृहातही बघितलं, पण मेणबत्त्याच लावलेल्या नाहीत." मग त्यांनी दारातल्या सहसचिवांकडे वळून पाहिलं. "खोटी घंटा वाजवणं गुन्हा आहे, साहेब. बोटांचे ठसे आम्हाला घेता येतात."

सहसचिवांनी दोन्ही हात खिशात घातले. दालन हसलं, आणि ते हसू ओसरेपर्यंत सहसचिव दिसेनासे झाले होते. लोक परत बसले. उभे होते त्यांच्यात आता खालच्या मजल्यावरचे कारकूनही होते.

दुपार कलली. बाईंच्या उजव्या गुडघ्यात जुनी कळ उठली. टॉवरवरून उतरताना एकदा घसरल्या होत्या, तेव्हापासूनची ती. पाय लांब करायला टेबलाखाली जागा नव्हती. पोटात भूक होती, पण तिचं काही नाही; दुसरी जी अडचण होती तिचा विचार न करणं हेच त्यावर औषध होतं. वकीलसाहेब पाणी ओतायचे तेव्हा त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायच्या.

दार हळूच उघडून बाईंचा नवरा आत आला. तो दातांचा डॉक्टर. अंगात अजून दवाखान्यातला पांढरा कोट होता. कुणाचा तरी दात अर्धवट सोडून आला असावा. मागच्या रांगेत कुणीतरी सरकून जागा दिली. त्याने खिशातून चिठ्ठी काढून मामांकडे दिली, मामांनी ती वर आणली.

बाईंनी चिठ्ठीला हात लावला नाही. "वाचा, मामा. मोठ्याने."

"घरचं दिसतंय, बाई."

"नियम आहे. वाचा."

मामांनी चष्मा लावला. " 'बंगल्यावर सरकारी माणसं सामानाची मोजदाद करायला आलीयत. उद्याच रिकामा करा म्हणतात. आई सोफ्यावरून हलायला तयार नाही. ती म्हणते, सुनेला सांग, मी इथे बसलेय, तू तिथे बस. तब्येत सांभाळ.' एवढंच आहे."

दालनात कुणीतरी टाळी वाजवली आणि बाईंनी हात वर करून ती थांबवली. सासूबाईंचं आणि त्यांचं आयुष्यभर फारसं पटलं नव्हतं. पोळपाट कुठे ठेवायचा इथपासून वाद होते. बाईंना हसू आलं, म्हणून त्या काही क्षण कागद चाळत राहिल्या.

"याचा कामकाजाशी संबंध नाही!" वकीलसाहेब म्हणाले.

"आहे. तो बंगला कामकाजासाठीच दिलेला आहे. पत्रकारांनी लिहून घेतलं असेल तर तुम्ही पुढे चला."

वकीलसाहेब पुढे चालेनात. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. कपाळ घामेजलं होतं. सकाळपासून बाईंना खिजवायला प्यायलेल्या पाण्याने आता आपला हिशेब मागितला होता. त्यांनी मागे बघितलं. दोन्ही सहायक जेवायला गेले होते ते घंटेच्या गोंधळात खालीच अडकले होते. बोलणं थांबवलं तर बाई 'तुमचं म्हणणं संपलं' असं लिहून टाकतील. त्यांची नजर शेजारच्या खुर्चीवर गेली. तिथे कंपनीचे मुख्य अभियंता बसलेले होते, पन्नाशीतले, टक्कल पडलेले, सकाळपासून एक शब्दही न बोललेले.

"अध्यक्ष महोदया, चाचण्यांबद्दलची माहिती आमचे मुख्य अभियंता देतील," वकीलसाहेब घाईने म्हणाले, आणि खाली वाकून त्यांच्या कानात, पण पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं, "सावकाश सांगा. सविस्तर. मी येईपर्यंत थांबू नका." आणि ते झपाझप चालत बाहेर गेले.

अभियंता उभे राहिले. खुर्चीचा पाय भोकात अडकला, तो त्यांनी सोडवला. त्यांनी मैदानात घेतलेल्या चाचणीचे आकडे सांगायला सुरुवात केली. ते आकडे अर्जातही होते. बाईंनी ऐकून घेतले.

"मोकळ्या मैदानात कुणाचंही ऐकू येतं," त्या म्हणाल्या. वकिलांशी बोलतानाचा कोरडा आवाज गेला होता. "मीही अशीच चाचणी घ्यायचे. पण मन भरायचं नाही. तुमचं भरलं?"

"नाही," अभियंता म्हणाले. "म्हणून आम्ही शहरात पण घेतली."

"ती अर्जात नाही."

"नाही. पण फार छान झाली होती." त्यांचा चेहरा उजळला. "दोन्ही बाजूंनी उंच इमारती, मधे अरुंद रस्ता, आणि आमचा टॉवर बरोबर तोंडावर. मी स्वतः गाडीत बसलो होतो. लहरी भिंतींवर आपटून परत येतात, परत आपटतात. असं काही कागदावर कळत नाही."

"तुमच्या कपाळावर घाम आला असेल."

"आला ना! सेटची सुई बघत होतो."

"रुग्णवाहिकेचा सेट बंद पडला?"

"बंद नाही पडला. आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. नुसती घरघर."

"कुठपर्यंत?"

"रस्ता संपेपर्यंत. बाहेर मोठ्या रस्त्याला लागलो की पुन्हा साफ. म्हणून आमच्या वरच्यांनी म्हटलं, हे किरकोळ आहे, गाडी काय, लगेच बाहेर पडते."

नियंत्रण कक्षाच्या प्रमुखबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "पण माणूस त्या रस्त्यातच असतो ना! आम्ही घराचा नंबर सांगतो तेव्हा गाडी आतच असते!"

अभियंत्यांनी त्यांच्याकडे बघितलं. बहुधा आकड्यांच्या पलीकडे हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. "हो," ते म्हणाले. "आतच असते."

"यावर उपाय?" कायदा सदस्यांनी विचारलं.

"टॉवरची जागा बदलणे, किंवा वेगळा पट्टा घेणे. मी दोन्ही सुचवलं होतं." ते थांबले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. आवाज खाली आला. "हे सांगायचं होतं की नाही, मला माहीत नाही."

"विचारलेलं सांगितलंत. बसा."

वकीलसाहेब रुमालाने हात पुसत परत आले. दालनातली शांतता बघून ते दारातच थबकले. कामकाज टिपणाऱ्या लघुलेखिकेने त्यांना टिपलेलं वाचून दाखवलं. मधेच वकीलसाहेबांनी हात वर केला.

"हे माझ्या गैरहजेरीत झालंय!"

"उभं तुम्हीच केलंत त्यांना," बाई म्हणाल्या.

"ती चाचणी अर्जाचा भाग नाही."

"उघड्या दालनात तुमच्या पक्षाने सांगितलंय. आता ती कामकाजाचा भाग आहे."

"मग मला तारीख द्या. नवी माहिती समोर आलीय. अभ्यास करावा लागेल. आजची सुनावणी थांबवावी, अशी माझी विनंती आहे."

बाई उत्तर देणार, तोच कायदा सदस्यांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, माहिती तुमच्याच कंपनीची, चाचणी तुमच्याच माणसाने घेतलेली. ती आयोगाला नवी आहे. तुम्हाला नवी कशी?"

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या रांगेतून डॉक्टरांनी ते व्यावसायिक नजरेने पाहिलं.

"बोला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला हवं तितकं बोला. मी बसलेय. मला अभियंत्यांना आणखी दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या, त्याही मधूनमधून विचारेन."

वकीलसाहेबांनी अभियंत्यांकडे बघितलं. ते पुन्हा उत्तरं द्यायला तयार दिसत होते. वकीलसाहेब खाली बसले. "आमचं म्हणणं संपलं."

आयोगात धाकट्याने आधी मत द्यायची पद्धत होती, म्हणजे अध्यक्षाच्या तोंडाकडे बघून कुणी मत बनवू नये. कायदा सदस्यांनी उभं न राहता, वही बघत सांगितलं, "आजचा दिवस ज्या तऱ्हेने चालवला गेला तो मला पसंत नाही. तसं मी वेगळं लिहिणार आहे, आणि घंटेबद्दलही लिहिणार आहे. निर्णयापुरतं माझं मत असं, की परवानगी नाकारावी."

"माझंही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी निर्णय सांगायला सुरुवात केली. निर्णय लांबलचक नव्हता. लाल पट्टा कुणालाही वाटून दिला जाणार नाही. शहरात घेतलेली चाचणी कंपनीने दडवली, त्याची चौकशी लावावी. ज्याने ती आयोगापुढे सांगितली त्याला त्याबद्दल नोकरीत कसलाही त्रास होता कामा नये. झाल्यास तो आयोगाचा अवमान समजला जाईल. हे शेवटचं वाक्य सांगताना त्या वकिलांकडे बघत होत्या. दोघांच्या सह्या झाल्या, शिक्का बसला.

"सुनावणी संपली."

त्या उठायला गेल्या आणि पाय जमिनीला लागला की नाही हेच त्यांना कळेना. मामा धावले. त्यांनी मामांचा हात धरला, टेबल धरलं आणि उभ्या राहिल्या. मग कुणाकडेही न बघता, लंगडत, व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. पत्रकार प्रतिक्रिया मागत मागे निघाले होते. दारावरची पाटी बघून ते थांबले.

परतल्या तेव्हा नवे अध्यक्ष चौथऱ्याजवळ उभे होते. दुपारपासून खाली थांबून ते कंटाळले होते. कधीकाळी ते बाईंच्याच हाताखाली रुजू झाले होते, त्यामुळे 'मॅडम' म्हणू की 'बाई', हे त्यांना ठरवता येईना.

"मला यात ओढायला नको होतं तुम्ही," ते म्हणाले.

"मी ओढलं? मी तर तुम्हाला बाहेर ठेवलं. दिवसभर."

"हा निर्णय मला पुन्हा सुनावणीला घेता येतो, तुम्हाला माहीत आहे."

"येतो की. नोटीस काढा, सगळ्यांना बोलवा, दार उघडं ठेवा. मीही येईन."

"सल्लागाराला बोलता येणार नाही."

"झाले सल्लागार तर ना." बाईंनी मागच्या रांगेकडे हात केला. "तिकडे बसेन. लोकांच्यात. तिथून कुणालाही उठून प्रश्न विचारता येतो."

नव्या अध्यक्षांनी मधल्या आसनाकडे बघितलं, पण ते बसले नाहीत. बाहेर सहसचिव त्यांची वाट बघत होते. ते तिकडे निघाले.

बाई लंगडत खालच्या रांगेत आल्या. नवरा पोळीची गुंडाळी पुढे करून उभा होता. ती त्यांनी घेतली, पण आधी अभियंत्यांसमोर जाऊन थांबल्या. त्यांचं सामान भरून झालं होतं आणि दारातून वकीलसाहेब त्यांना हाका मारत होते. "अहो, चला! वरच्यांनी बोलवलंय आपल्याला! काय उत्तर द्यायचं ते वाटेत ठरवू."

"तो रस्ता कुठला हो?" बाईंनी विचारलं. "चाचणीचा. मला सकाळी जाऊन बघायचाय."

अभियंत्यांनी दाराकडे बघितलं, मग हातातल्या बॅगेकडे. त्यांनी बॅग खुर्चीवर ठेवली.

"तुम्ही व्हा पुढे," ते वकिलांना म्हणाले. "उत्तर मी द्यायचं ते देईन." आणि कोऱ्या कागदावर ते रस्त्याचा नकाशा काढू लागले, कुठे इमारती उंच आहेत, कुठे टॉवर आहे, आणि कुठून पुढे शब्द ऐकू येईनासे होतात, ते बोटाने दाखवत.